फाटलेल्या आवाजाची घरगुती दुरुस्ती

घरातील रेडिओ, टेपरेकॉर्डर किंवा संगीताचा संच एके दिवशी घोगरा बोलू लागतो. ओळखीचे गाणे चरचरत येते, निवेदकाचा आवाज फाटतो, आणि डग्ग्याची थाप पत्र्याच्या डब्यावर पडल्यासारखी वाटते. घरची माणसे दोनचार दिवस आवाज कमी करून पाहतात, पेटीला थापट्या मारून पाहतात आणि शेवटी ‘स्पीकर गेला’ असा निकाल देऊन संच माळ्यावर टाकतात. हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो. ज्याला आपण स्पीकर गेला म्हणतो, त्यातील चुंबक शाबूत असते, सांगाडा शाबूत असतो, बहुधा तारेचे वेटोळेही शाबूत असते. गेलेली असते ती बोटभर रुंदीची फोमची कड, किंवा कागदावरची एक चीर, किंवा केसासारखी एक तार. ह्या तिन्ही गोष्टी शांतपणे काम करणाऱ्या माणसाला घरी नीट करता येतात.

मोठ्या शहरात ह्या प्रश्नाची तीव्रता जाणवत नाही. तेथे दुरुस्तीची दुकाने असतात व नव्या मालाचा बाजारही हाताशी असतो. आदिलाबाद जिल्ह्यातील इचोड्यासारख्या गावी गोष्ट निराळी असते. हे गाव राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. उत्तरेला आदिलाबाद, दक्षिणेला निर्मल, आणि हैदराबाद अडीचशे किलोमीटरांहून दूर. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, पुढे आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्यांची नावे बदलली, तरी तेलुगू, गोंडी, उर्दू, लमाणी आणि मराठी ह्या भाषा येथील बाजारात आजही शेजारी शेजारी ऐकू येतात. अशा ठिकाणी मराठी बोलणाऱ्या घरातील जुन्या संचाला एक वेगळेच मोल असते. आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, एखाद्या लग्नातील मंगलाष्टके, भजनी मंडळाचा एकादशीचा गजर, असे काही ना काही जुन्या कॅसेटमध्ये भरून ठेवलेले असते. ते गाणारे पुष्कळदा हयात नसतात. फीत चांगली असून केवळ स्पीकरचा कागद फाटल्यामुळे ती मुकी झालेली असते. शिवाय फीतही कोणासाठी थांबत नाही. माळ्यावरच्या उष्णतेने तिचाही दरवर्षी थोडा थोडा ऱ्हास होतच असतो. म्हणून हा प्रश्न केवळ चार पैसे वाचविण्याचा नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी स्पीकर बोलतो कसा, हे समजून घेतले पाहिजे. तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड ह्या शास्त्रज्ञाने १८२० साली दाखविले. वीज आणि चुंबक ह्यांच्या ह्या नात्यावरच स्पीकर उभा आहे. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे हलते वेटोळे ठेवण्याची कल्पना जर्मनीत व्हेर्नर सीमेन्सने १८७४ साली मांडली. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉजने १८९८ साली तीच पुढे नेली. जेन्सन व प्रिडहॅम ह्या जोडीने १९१५ साली अमेरिकेत अशा यंत्राला कर्णा जोडून लोकांना आवाज ऐकविला. पुढे १९२५ साली राइस आणि केलॉग ह्या दोन अमेरिकन अभियंत्यांनी कर्णा काढून टाकला व वेटोळे सरळ कागदाच्या शंकूला जोडले. आज घरोघरी असलेला बहुतेक प्रत्येक स्पीकर ह्या १९२५ च्या रचनेचाच वंशज आहे. शंभर वर्षांत चुंबके बळकट झाली, कागदाच्या जोडीला प्लॅस्टिक आले, गोंद बदलले. तत्त्व मात्र तेच राहिले. ह्यामुळेच एका स्पीकरची दुरुस्ती ज्याला समजली, त्याला दुसऱ्या कंपनीचा स्पीकर परका वाटत नाही.

आता त्याचे अवयव पाहू. मागे जड, गोल मॅग्नेट असतो. त्याच्या मध्यभागी एक अरुंद वर्तुळाकार फट असते आणि त्या फटीत बारीक तांब्याच्या तारेची कॉइल तरंगत असते. कॉइलला चिकटलेला कागदी शंकू म्हणजे कोन. कॉइल फटीच्या बरोबर मध्ये राहावी म्हणून मागच्या बाजूस वळ्यावळ्यांची कापडी चकती बसविलेली असते. तिला कारागीर ‘स्पायडर’ म्हणतात. कोनाची बाहेरची कड लोखंडी सांगाड्याला एका लवचीक रिंगने जोडलेली असते. ही रिंग कापडाची, रबराची किंवा फोमची असते. मध्यभागी धूळ आत जाऊ नये म्हणून छोटी टोपी असते. ॲम्प्लिफायरमधून येणारी वीज सेकंदाला शेकडो, हजारो वेळा दिशा बदलते. तिच्याबरोबर कॉइल पुढे मागे सरकते, कोन हवा ढकलतो, आणि तेच आपल्या कानावर आवाज म्हणून पडते.

केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत किंवा दिवाळीतील गुसाडी नाचात ज्यांनी गोंडांची वाद्ये ऐकली आहेत, त्यांना हे तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. चामडे ताणलेले असेल तर वाद्य बोलते, सैल पडले तर कण्हते. हलगी वाजविण्यापूर्वी ती शेकोटीवर शेकतात, ती ह्याचसाठी. स्पीकरचा कोन हेही एक प्रकारचे वाद्यच आहे. फरक एवढाच की हलगीचे चामडे कडेला घट्ट असावे लागते, तर कोनाची कड मोकळेपणाने हलणारी असावी लागते. ती कड फाटली की कोन तिरपा होतो, कॉइल फटीच्या भिंतीला घासते, आणि आवाज फाटतो.

कोणतेही औषध देण्यापूर्वी वैद्य नाडी पाहतो. येथेही प्रथम रोग कोठे आहे, हे ठरविले पाहिजे. संचाला दोन स्पीकर असतील तर संच बंद करून डाव्या व उजव्या स्पीकरच्या तारा ॲम्प्लिफायरपाशी आपसात बदलाव्यात आणि पुन्हा ऐकावे. पूर्वीचीच पेटी खराब वाजत असेल, तर दोष त्या पेटीत आहे. दोष दुसऱ्या पेटीत गेलेला दिसला, तर स्पीकर निर्दोष आहे. बिघाड ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या मागच्या तारांत शोधावा. ही साधी परीक्षा न केल्यामुळे कित्येक चांगले स्पीकर विनाकारण उघडले जातात.

पेटीतच दोष आहे असे ठरले, की स्क्रू काढून स्पीकर बाहेर घ्यावा. तार सोडविण्यापूर्वी कोणती तार कोणत्या टोकाला होती, ह्याची खूण करून ठेवावी. मग दीड व्होल्टचा टॉर्चचा सेल घेऊन त्याची दोन टोके स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर लावावीत. कोन हलून ‘टक्’ असा आवाज आला, तर कॉइल जिवंत आहे. सेल लावून ठेवू नये. नुसता स्पर्श पुरे. उंच स्वरांसाठी असलेल्या लहान ट्वीटरवर मात्र हा प्रयोग करू नये, त्याची कॉइल फार नाजूक असते. मीटर असेल तर उत्तम. आठ ओहमच्या स्पीकरवर मीटर सहा ते सातच्या आसपास, आणि चार ओहमच्या स्पीकरवर तीन ते साडेतीनच्या आसपास आकडा दाखवितो. मीटर मुळीच हलला नाही, तर कॉइल जळली आहे किंवा तिच्याकडे जाणारी तार तुटली आहे. शेवटची परीक्षा बोटांची. दोन्ही हातांची बोटे कोनावर चहूबाजूंनी सारखी ठेवून तो हलकेच आत दाबावा व सोडावा. मऊपणे गेला व आला तर ठीक. खरखर लागली तर कॉइल घासते आहे असे समजावे.

आता मुख्य रोगांकडे वळू. त्यांपैकी सर्वांत अधिक आढळणारा रोग म्हणजे फोमची रिंग झडणे. मागील शतकाच्या उत्तरार्धात कित्येक कंपन्यांनी कापडाऐवजी फोमची रिंग वापरावयास सुरुवात केली. फोम हलका व मऊ असल्यामुळे खर्जाचे स्वर भरदार येतात. परंतु त्याचे आयुष्य थोडे. हवेतील दमट वाफ फोमच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडते, आणि ऊन व उष्णता त्या कामाला हातभार लावतात. पंधरावीस वर्षांत ही रिंग बोट लावताच भुकटी होऊन गळते, किंवा काळी व चिकट बनते. आदिलाबाद जिल्ह्यात वर्षाकाठी हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो. अशा हवेत फोम लवकर थकला तर नवल नाही. संच वापरला नाही म्हणून रिंग टिकते, हा समज खरा नाही. पेटीत बंद पडलेली रिंगही तितकीच झडते.

ही रिंग बदलण्यासाठी प्रथम चार मापे घ्यावीत: कोनाच्या बाहेरच्या कडेचा व्यास, सांगाड्याच्या चिकटपट्टीचा आतला व बाहेरचा व्यास, आणि जुन्या रिंगच्या फुगीर भागाची रुंदी. ह्या मापांवरून नवी रिंग मोठ्या शहरातील सुट्या भागांच्या दुकानातून किंवा घरबसल्या मागविता येते. मापात चार मिलिमीटरांची चूक झाली तरी रिंग बसत नाही, म्हणून मापे दोनदा घ्यावीत.

रिंग हाती आल्यावर जुनी रिंग व तिचा गोंद बोथट सुरीने हळूहळू खरवडून काढावा. कोनाच्या कडेला चिकटून राहिलेला गोंद स्पिरिटमध्ये बुडवून पिळलेल्या कापडाने पुसावा. कागद ओला चिंब होऊ देऊ नये. ह्या कामाला घाई चालत नाही. अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्यावा, कारण जुन्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. त्यानंतर मधली टोपी धारदार पात्याने कडेने कापावी; कापताना थोडी किनार शिल्लक ठेवावी, म्हणजे पुढे ती पुन्हा चिकटविता येते. टोपी उघडताच आत कॉइल व मधला लोखंडी खांब दिसतो. त्या दोहोंमधील फटीत जाड कागदाच्या किंवा जुन्या फोटोफिल्मच्या सारख्या जाडीच्या चार पट्ट्या चार दिशांना सरकवाव्यात. ह्यामुळे कॉइल बरोबर मध्यावर स्थिर राहते. दुरुस्तीचे सारे यश ह्या एका कृतीत आहे. कॉइल आणि लोखंड ह्यांमधले अंतर मिलिमीटरच्या काही अंशांएवढेच असते. डोळ्याला सरळ दिसणारा कोनही तेवढ्याने चुकू शकतो.

मग रिंगची आतली कड कोनाला चिकटवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. नंतर बाहेरची कड सांगाड्याला चिकटवावी, कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावावेत आणि चोवीस तास हात लावू नये. कागदी कोनासाठी सुताराचा पांढरा गोंद चांगला. तो वाळल्यावरही थोडा लवचीक राहतो. कोन प्लॅस्टिकचा किंवा रिंग रबराची असेल, तर पांढरा गोंद धरत नाही. तेथे त्या जातीचा रबरी गोंद पाहिजे. क्षणात चिकटणारा कडक गोंद मात्र कोठेही वापरू नये. तो काचेसारखा वाळतो, कोन हलू लागला की तडकतो आणि पहिल्यापेक्षा मोठी चीर पाडतो. सारे वाळल्यावर पट्ट्या काढून बोटांची परीक्षा पुन्हा करावी. खरखर नसेल तर टोपी बसवावी.

दुसरा रोग कोन फाटण्याचा. मुलाचे बोट लागते, पेटी हलविताना कोपरा लागतो. आणि खेड्यातील खरा शत्रू म्हणजे उंदीर. जुना कागद त्याला फार प्रिय. चीर लहान असेल तर दोन्ही कडा एकमेकींशी मिळवून घ्याव्यात. पांढऱ्या गोंदात थोडे पाणी घालून तो ब्रशाने मागच्या बाजूने लावावा आणि त्यावर पतंगाच्या किंवा टिश्यू कागदाचा चिरेहून किंचित मोठा तुकडा बसवावा. तो वाळल्यावर पुढच्या बाजूनेही तसाच एक तुकडा लावावा. ठिगळ जितके हलके, तितका आवाज मूळचा राहतो. जाड कापड, पुठ्ठा किंवा गोंदाचे थर दिले की कोन जड होतो आणि बारीक स्वर मंदावतात. कोनाचा मोठा भागच उंदराने खाल्ला असेल, तर ठिगळाचा हट्ट सोडून नवा कोन बसवून घ्यावा.

तिसरा रोग तारेचा. सांगाड्यावरच्या टोकापासून कोनापर्यंत एक मऊ, विणलेली तार झुलत असते. सुताच्या धाग्यांवर तांब्याची चपटी पट्टी गुंडाळून ती केलेली असते. लाखो हेलकाव्यांनंतर ती एखाद्या टोकाशी तुटते आणि स्पीकर कधी बोलतो, कधी गप्प बसतो. अशा वेळी तीच जातीची तार आणून डाक लावावा. साधी जाड तार लावली तर ती कोनाच्या हालचालीला अडविते व थोड्याच दिवसांत तुटते. नवी तार पूर्वीइतकीच सैल ठेवावी, आणि डाक लावताना उष्णता कोनाच्या कागदापर्यंत पोहोचू देऊ नये.

कॉइलच जळली असेल, तर घरगुती दुरुस्तीची मर्यादा आली असे समजावे. केसासारखी तार मोजून, सारख्या थरांत गुंडाळणे हे सरावलेल्या कारागिराचे काम आहे. ह्या कामाला बाजारात ‘रिकोनिंग’ म्हणतात आणि त्यात कॉइल, स्पायडर व कोन एकदम बदलतात. मात्र कॉइल का जळली, हे घरच्यांनी जाणून घेतले पाहिजे. मोठ्या ॲम्प्लिफायरने लहान स्पीकर जळतो, हे सर्वांना ठाऊक आहे; लहान ॲम्प्लिफायरही जाळतो, हे थोड्यांना ठाऊक असते. लहान ॲम्प्लिफायर कुवतीबाहेर चढविला की विजेच्या लहरींचे माथे कापले जातात. अशा कापलेल्या लहरींत उंच स्वरांची शक्ती वाढते आणि बिचारा ट्वीटर त्या उष्णतेत सापडतो. आवाज चिरका येऊ लागला, की बटण मागे फिरविणे हाच त्यावर उपाय. गणपतीच्या किंवा लग्नाच्या मांडवात घरगुती पेट्या जळतात, त्या ह्याच कारणाने.

दुरुस्त केलेला स्पीकर पेटीत बसविताना खुणेप्रमाणेच तारा जोडाव्यात. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या, तर एक कोन पुढे येत असता दुसरा मागे जातो. दोघांनी हलविलेली हवा एकमेकींना मारते आणि खर्ज नाहीसा होतो. माणूस समजतो, दुरुस्ती फसली. खुणा पुसल्या असतील, तर सेलचे धन टोक दोन्ही मोठ्या स्पीकरांना सारख्याच बाजूला टेकवून पाहावे. दोन्ही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत.

धोक्याच्या चार गोष्टीही लक्षात ठेवल्या पाहिजेत. ज्या पेटीत ॲम्प्लिफायर आतच असतो आणि जिची दोरी भिंतीतील विजेला लागते, ती पेटी प्लग काढल्यानंतरही लगेच निर्धोक होत नाही. आतील कपॅसिटर काही काळ वीज धरून ठेवतात. विजेचे ज्ञान नसलेल्याने अशी पेटी उघडूच नये. हल्लीच्या लहान ब्लूटूथ स्पीकरमध्ये लिथियमचा सेल असतो. त्याला स्क्रू-ड्रायव्हर लागून भोक पडले तर आग लागू शकते. स्पिरिट व रबरी गोंद वापरताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ विस्तव नसावा. लोखंडी कीस असलेल्या टेबलावर काम करू नये. मॅग्नेट तो कीस ओढून फटीत घेतो आणि तो काढता काढता नाकी नऊ येतात.

एवढा खटाटोप कशासाठी, नवा स्पीकर स्वस्तात मिळतो, असे कोणी म्हणेल. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. हलक्या प्रतीच्या, चिकटवून बंद केलेल्या पेटीवर चार दिवस घालविण्यात शहाणपण नाही. परंतु जुन्या, भरभक्कम स्पीकरमध्ये किलोभर लोखंड, मॅग्नेट व तांबे असते. निकामी होतात ते चार ग्रॅम फोम. चार ग्रॅमांसाठी किलोभर वस्तू टाकून देणे हा हिशेब कोणत्याही संसारात बसणारा नाही. जगात २०२२ ह्या एका वर्षात सुमारे सहा कोटी वीस लक्ष टन विद्युत्-कचरा निर्माण झाला आणि त्याचा चौथा हिस्साही रीतसर पुनर्वापरासाठी गोळा झाला नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालात म्हटले आहे. भारतात ह्या कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. नियम आवश्यक आहेत; पण जी वस्तू घरातच दुरुस्त झाली, ती कचऱ्यात मोजावीच लागत नाही.

आणखी एक लाभ आहे. शाळेच्या पुस्तकात वीज, चुंबक व ध्वनी हे तीन स्वतंत्र धडे असतात. मुले ते पाठ करतात, पण तिन्ही धडे एकाच वस्तूत एकत्र नांदत असलेले त्यांना दिसत नाहीत. उघडलेला स्पीकर ते दाखवितो. सेलचा स्पर्श होताच कोन उडी मारतो, हे ज्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याला ओर्स्टेडचा प्रयोग घोकावा लागत नाही. तोच स्पीकर उलटा वापरला, म्हणजे त्याच्यासमोर बोलले, तर कॉइलमध्ये बारीकशी वीज निर्माण होते आणि तो मायक्रोफोनचे काम करतो, हे सांगितले की मुलांची जिज्ञासा आणखी वाढते. सुटीच्या दिवशी वडीलधाऱ्यांनी मुलांना शेजारी बसवून हे काम करावे.

दुरुस्तीनंतर काळजीही घेतली पाहिजे. पेटी खिडकीतल्या उन्हात किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये. तिच्यावर फुलदाणी, पाण्याचा तांब्या ठेवू नये. पेटीची मागची भोके बारीक जाळीने बंद करावीत, म्हणजे उंदीर आणि झुरळे आत जात नाहीत. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी संच थोडा वेळ वाजवावा. त्यामुळे बिघाडाची चाहूल लवकर लागते.

नवी रिंग बसविलेला स्पीकर पहिल्या दिवशी मोठ्याने वाजवू नये. आरंभी मंद आवाजात माणसाचे बोलणे लावावे. वाद्यातील दोष कानाला फसवितो, पण माणसाच्या, विशेषतः ओळखीच्या माणसाच्या आवाजातील खोट कान तत्काळ ओळखतो. माळ्यावरची ती जुनी कॅसेट ह्यासाठी खाली काढावी. आवाज स्वच्छ आला, तर दुरुस्ती साधली असे समजावे, आणि त्याच दिवशी त्या आवाजाची एक प्रत मोबाईलवर उतरवून घ्यावी. फीत आणि फोम ह्यांना आयुष्याची मर्यादा आहे. पुढच्या पावसाळ्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.